टॅपेस्ट्री पाहायची तर आधी घोंगडी

टॅपेस्ट्री म्हटले की युरोपातल्या राजवाड्यांच्या भिंती आठवतात, आणि आदिलाबाद, जैनथ, बेला या पट्ट्यातल्या मराठी घरांना तो परका विषय वाटतो. माझे म्हणणे उलट आहे. ही कला कळायला लागणारे दोन्ही धडे या मुलखात पूर्वीपासून आहेत. एक धडा घोंगडीचा. पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणात, ती कुरुमा समाजाचे लोक विणतात, पलीकडे महाराष्ट्रात सनगर समाजाचे, लोकर मेंढपाळांची. दुसरा धडा पैठणीचा, आणि पैठणही १९५६ पर्यंत आदिलाबादप्रमाणे हैदराबाद राज्यातच होते. घोंगडीत आडवा धागा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तो अर्ध्यातच वळतो: पोपटाचा हिरवा धागा पोपटापुरताच फिरतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी येतो. टॅपेस्ट्रीचे तंत्र एवढेच. फ्रेंच विणकर ते लोकरीत करतो, येवल्याचा पैठणी विणकर रेशमात.

हे वाचून पटते, पण विणून उमजते. लाकडी चौकट, दोन बाजूंना खिळे, सुताच्या दोऱ्याचा घट्ट ताणा (उभे धागे), बाण्याला (आडव्या धाग्याला) लोकर आणि ती खाली ठोकायला जाड दातांची फणी, इतके सामान सुरुवातीला पुरे. पहिल्या वीतभर विणीतच कडा आत ओढल्या जातात, कारण नवखा हात बाणा ताणून बसवतो. तो कमानीसारखा सैल टाकून मग ठोकायचा असतो. तेव्हाच लोकर ताण्याला पुरती झाकते. पुढची अडचण दोन रंगांची. त्यांची सीमा सरळ उभी ठेवली तर तिथे फट पडते. ती तशीच राहू द्यायची, की पैठणीसारखे धागे एकमेकांत अडकवायचे? तिरपी रेघ लोकर आपणहून देते, गोल मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढवावा लागतो. हे हाताखालून गेलेला माणूस भिंतीवरच्या विणलेल्या पानाची कड पाहताना विणकराने कुठे माघार घेतली आणि कुठे हट्ट धरला, हे ओळखतो. टॅपेस्ट्रीचा आस्वाद मी यालाच म्हणेन. ‘किती हुबेहूब!’ ही दाद चित्राची झाली.

इथे जाणकार आक्षेप घेईल: टॅपेस्ट्री ही शेवटी चित्राचीच नक्कल ना? राफाएलने १५१५-१६ मध्ये सिस्टीन चॅपेलसाठी चित्रे काढली आणि ब्रसेल्सच्या विणकरांनी ती विणली. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्याने पुढे रंगछटांची संख्या वाढवत नेली, ती तैलचित्राशी बरोबरी करण्यासाठीच. हे खरे आहे. पण चौदाव्या शतकातली ऑँजे शहरातली अपोकॅलिप्स टॅपेस्ट्री मोजक्या रंगांत विणलेली आहे, आणि विसाव्या शतकात फ्रेंच कलावंत ज्याँ ल्युर्साने नक्कलीला कंटाळून या टॅपेस्ट्रीकडूनच धडा घेतला. मुंबईच्या मोनिका कोरिआ यांनी तर विणताना मागाची फणीच काढून टाकली, म्हणजे उभे धागे वाटेल तसे सरकू शकतील. असे काम आधी कागदावर काढून ठेवता येत नाही, ते मागावरच घडते. नक्कल हा या कलेचा एक काळ होता, तिचा स्वभाव नव्हे.

दुसरा आक्षेप घोंगडीवर येतो: ती वापरायची वस्तू, खरखरीत, बिननक्षीची, तिला कला कशाला म्हणायचे? दगडी महालांतल्या टॅपेस्ट्र्याही थंडी अडवायला टांगत, आणि वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने चंडीगडच्या उच्च न्यायालयात लोकरी टॅपेस्ट्र्या लावल्या त्या आवाजाचा घुमारा शोषण्यासाठीही. आदिलाबादची थंडी तेलंगणात कडक समजली जाते. घोंगडीचे काम तिथे उघड दिसते. तरीही प्रत्येक घोंगडी टॅपेस्ट्रीच्या पंक्तीला बसवावी असे मी म्हणत नाही. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेला ताणा, न रंगवलेल्या काळ्या-करड्या लोकरीतली उतरंड, कडेची पट्टी यांकडे विणकराचे निर्णय म्हणून पाहावे, इतकेच मागणे आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या उशेगावच्या वोज कारागिरांच्या डोकरा या पितळी ओतकामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पितळेसाठी जी नजर तयार झाली, ती लोकरीकडे वळायला हरकत नसावी.

खरी अडचण वेगळीच आहे: लोकरच उरेल का? दख्खनी मेंढीच्या अंगावर लोकर असते, नेल्लोरी मेंढीवर नुसते केस. मांसाला भाव आल्यापासून कळपांत नेल्लोरी नर शिरले, आणि २०१७ पासून तेलंगण सरकारने ७५ टक्के अनुदानावर वीस मेंढ्या व एक नर असे गट वाटले, त्यांतही भर याच जातीवर होता. धनगराचा किंवा कुरुम्याचा यात दोष नाही. कातरणीची मजुरीही सुटत नसेल तर लोकरीसाठी मेंढी कोण पाळेल? शिकणाऱ्यांची हौस हा बाजार एकटी सावरणार नाही. मात्र कपड्यांच्या गिरणीला नकोशी असलेली ही जाडीभरडी लोकर टॅपेस्ट्रीला चालते, किंबहुना मानवते. ती फणीचा मार खाते, पिंजून येत नाही, आणि वीतभर तुकड्याला ओंजळभरच लागते. शाळेच्या हस्तकलेच्या तासाला कारखान्यातले रंगीत ॲक्रिलिक विकत घेण्याऐवजी कातरणीच्या दिवसांत शेजारच्या मेंढपाळांच्या वाड्यावरून ती रोख पैसे देऊन आणता येईल, आणि सूत कातणाऱ्या बाईला त्याची मजुरी वेगळी देता येईल.