मिडवूफर

मिडवूफर हा ध्वनिवर्धकाच्या पेटीतील असा ड्रायव्हर आहे, जो खर्ज आणि मध्यम अशा दोन्ही स्वरपट्ट्यांची जबाबदारी घेतो. दोन ड्रायव्हरांच्या, म्हणजे टू-वे, ध्वनिवर्धकात सुमारे 2 ते 3 किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मिडवूफर निर्माण करतो व त्यावरील ध्वनी ट्वीटरकडे सोपवला जातो. मानवी आवाज, तंबोरा, संवादिनी व डग्गा यांचे बहुतेक मूळ स्वर याच ड्रायव्हरमधून ऐकू येत असल्याने घरी ध्वनिवर्धक बांधताना मिडवूफरची निवड हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानला जातो. ही निवड केवळ व्यास व वॅट पाहून होत नाही. ड्रायव्हर, पेटीचे आकारमान, ट्वीटर आणि खोली यांचा मेळ बसावा लागतो.

इतिहास

हलत्या कॉइलच्या आधुनिक ध्वनिवर्धकाचा पाया चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली प्रसिद्ध केलेल्या कामाने घातला गेला. 1954 साली एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज मिळवता येतो, हे दाखवून दिले. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकाच्या प्रारंभी ड्रायव्हर व पेटी यांचा संबंध गणिताने मांडला. त्यामुळे पेटी बांधण्यापूर्वीच तिचा खर्ज कसा असेल याचा अंदाज बांधणे शक्य झाले. या मांडणीतील राशींना थील-स्मॉल प्राचले असे म्हणतात.

थील-स्मॉल प्राचले

निवडीच्या दृष्टीने तीन प्राचले प्रमुख आहेत.

एफएस: मोकळ्या हवेत ड्रायव्हरचा शंकू ज्या वारंवारतेला स्वाभाविकपणे कंप पावतो ती वारंवारता.

क्यूटीएस: त्या कंपनाला चुंबक व टांगणी किती आवर घालतात हे दर्शवणारी संख्या. ती जितकी लहान, तितका आवर अधिक.

व्हीएएस: शंकूच्या टांगणीइतकीच लवचीकता असलेल्या हवेचे आकारमान, लिटरमध्ये.

बंद पेटीत ड्रायव्हर बसवला की एफएस व क्यूटीएस या दोन्ही राशी सारख्याच पटीने वाढतात. व्हीएएसला पेटीच्या आकारमानाने भागून त्यात 1 मिळवावा. येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ म्हणजे ती पट होय. पेटीतील क्यू सुमारे 0.7 असता खर्ज सपाट व नेटका येतो.

उदाहरणार्थ, एफएस 45 हर्ट्झ व व्हीएएस 20 लिटर असलेले दोन ड्रायव्हर घेऊ. पहिल्याचा क्यूटीएस 0.38 असल्यास त्यास सुमारे 8 लिटरची बंद पेटी पुरते व त्याचा खर्ज सुमारे 84 हर्ट्झपासून खाली उतरू लागतो. दुसऱ्याचा क्यूटीएस 0.55 असल्यास त्यास सुमारे 30 लिटरची पेटी लागते. मात्र खर्ज सुमारे 58 हर्ट्झपर्यंत पोचतो. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे 69 हर्ट्झला असतो. तो पहिल्या ध्वनिवर्धकात क्षीण होईल, तर दुसऱ्यात पुरेसा राहील. परंतु दुसरा ड्रायव्हर जागा वाचवण्यासाठी 8 लिटरच्या पेटीत कोंबला, तर पेटीतील क्यू 1च्या वर जातो आणि 115 हर्ट्झच्या आसपास सव्वा ते दीड डेसिबेलचा उंचवटा येतो. पुरुषी आवाज याच भागात असल्याने निवेदन किंवा कीर्तन घुमल्यासारखे ऐकू येते. अशा वेळी दोष ड्रायव्हरला दिला जातो. वस्तुतः दोष जोडीचा असतो.

0.3 ते 0.45 या दरम्यान क्यूटीएस असलेले ड्रायव्हर नळीच्या पेटीस सामान्यतः अनुकूल असतात. त्यांत पहिल्या उदाहरणातील ड्रायव्हरचाही खर्ज अधिक खाली नेता येतो. मात्र नळीच्या वारंवारतेखाली शंकूला हवेचा आधार उरत नाही व तो प्रमाणाबाहेर हलू शकतो.

व्यास व वरची मर्यादा

ध्वनीची तरंगलांबी शंकूच्या परिणामी व्यासाइतकी झाली की ध्वनी सर्वत्र न पसरता झोतासारखा समोरच जाऊ लागतो. साडेसहा इंची ड्रायव्हरचा परिणामी व्यास सुमारे 13 सेंटिमीटर असल्याने ही अवस्था 2.6 किलोहर्ट्झच्या सुमारास येते. आठ इंचीत ती 2 किलोहर्ट्झच्या आसपास, तर सव्वापाच इंचीत 3 किलोहर्ट्झच्या वर येते. म्हणून आठ इंची मिडवूफरसोबत खालपर्यंत उतरणारा दणकट ट्वीटर आवश्यक ठरतो. सव्वापाच इंचीला ट्वीटरची अडचण कमी, पण हलवायला हवा कमी. ध्वनीची तीच पातळी निम्म्या वारंवारतेला राखायची असेल, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. साडेसहा इंची ड्रायव्हर घरगुती ध्वनिवर्धकांत लोकप्रिय असण्याचे कारण ही तडजोड होय.

शंकूचा पदार्थही विचारात घ्यावा लागतो. कागदी व पॉलिप्रॉपिलीनचे शंकू वरच्या वारंवारतांना सहसा हळूहळू मंदावतात. ॲल्युमिनियमचा शंकू कडक असतो, पण काही किलोहर्ट्झवर तो तीव्रतेने झणाणतो व त्यास दाबण्यासाठी क्रॉसओव्हर अधिक काटेकोर करावा लागतो.

संवेदनशीलता, ओहम व वॅट

संवेदनशीलता 2.83 व्होल्ट दिले असता 1 मीटरवर मिळणाऱ्या डेसिबेलमध्ये सांगतात. 8 ओहमच्या ड्रायव्हरला तेवढ्या व्होल्टात 1 वॅट, तर 4 ओहमच्या ड्रायव्हरला 2 वॅट मिळतात. त्यामुळे 4 ओहमचा आकडा 3 डेसिबेलने फुगलेला दिसतो, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे. ट्वीटरचा आवाज रोधकाने कमी करता येतो, मिडवूफरचा मात्र वाढवता येत नाही. म्हणून ट्वीटरची संवेदनशीलता मिडवूफरइतकी किंवा अधिक असावी.

वॅटचा आकडा ड्रायव्हर किती उष्णता सोसेल हे सांगतो. तो किती मोठ्याने वा किती चांगला वाजेल हे सांगत नाही. पी.एम.पी.ओ. या नावाने छापलेले शेकडो वॅटचे आकडे निवडीस निरुपयोगी आहेत.

किनारी शहरांतील निवड

खोली व हवामान यांचा निवडीवर होणारा परिणाम मीरा-भाईंदरसारख्या शहरात ठळकपणे दिसतो. ठाणे जिल्ह्यातील या शहराच्या उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र आहे. पावसाळ्यातील दमट व खारट हवेत शंकूच्या कडेचे फोमचे वलय कालांतराने कुजून तुटते. रबरी वलय अधिक टिकते. पत्र्याच्या चौकटीपेक्षा ओतीव ॲल्युमिनियमची चौकट गंजास कमी बळी पडते. पेटीसाठी एमडीएफ वापरल्यास त्याच्या उघड्या कडा ओल शोषून फुगतात; त्या रंगाने वा सीलरने बंद कराव्या लागतात. आयएस 710 मानकाचे मरीन प्लायवूड महाग असले तरी ओलाव्यात टिकाऊ असते.

अशा शहरांतील खोल्या लहान व भिंती पक्क्या असतात. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत सुमारे 47 व 56 हर्ट्झला हवेची स्थिर कंपने उठतात आणि खर्ज फुगतो. शिवाय जागेअभावी ध्वनिवर्धक भिंतीलगत ठेवला जातो. मोकळ्या जागी अरुंद पेटीचा खालचा ध्वनी मागे पसरून 6 डेसिबेलपर्यंत घटतो व क्रॉसओव्हरमध्ये त्याची भरपाई करतात. भिंतीलगत ही भरपाई कमी ठेवावी लागते. म्हणून लहान खोलीत 40 हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या मोठ्या पेटीचा आग्रह धरण्यापेक्षा 60 ते 70 हर्ट्झपर्यंत नेटका खर्ज देणारी जोडी अनेकदा श्रेयस्कर ठरते.

उपलब्धता व तपासणी

मुंबईत ग्रँट रोड स्थानकानजीकचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या परिचित बाजारपेठा आहेत. सुट्या विकल्या जाणाऱ्या अनेक ड्रायव्हरांसोबत प्राचलांचा तक्ता मिळत नाही. मोटारींसाठीचे ड्रायव्हर बहुधा 4 ओहमचे असतात व दारातील मोकळ्या पोकळीसाठी बनवलेले असल्याने त्यांचा क्यूटीएस बऱ्याचदा जास्त असतो; लहान बंद पेटीत ते घुमतात.

तक्ता नसल्यास प्राचले घरी मोजता येतात. मल्टिमीटरवर 8 ओहमचा ड्रायव्हर साधारण 5.5 ते 7 ओहम व 4 ओहमचा 3 ते 3.6 ओहम दाखवतो. संगणकाचे साउंड कार्ड, एक रोधक व रूम ईक्यू विझार्डसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने संरोधाचा आलेख काढला की त्याच्या शिखरावरून एफएस व क्यूटीएस मिळतात. शंकूवर वजन केलेला मातीचा गोळा हलकेच चिकटवून आलेख पुन्हा काढल्यास व्हीएएसही काढता येतो. एकाच बनावटीच्या दोन नगांतही फरक असू शकत असल्याने डाव्या-उजव्या जोडीतील दोन्ही ड्रायव्हर मोजावेत आणि लाकूड त्यानंतरच कापावे.

हेसुद्धा पाहा

ध्वनिवर्धक
ट्वीटर
क्रॉसओव्हर
अनुस्पंदन