आवृत्तिनियंत्रणातील अपरिवर्तित फाइल

आवृत्तिनियंत्रणातील अपरिवर्तित फाइल : संगणकावर पुन्हा साठविली गेल्यामुळे जिची कालनोंद बदलली, परंतु जिच्या मजकुरात एकाही बाइटाचा फरक पडला नाही, अशी फाइल. युनिक्स प्रणालीतील ‘टच’ ही आज्ञा मजकुराला हात न लावता फाइलीची केवळ कालनोंद बदलते. लेखनाच्या क्रमिक आवृत्त्या जतन करणाऱ्या साधनाने अशा फाइलीस ‘बदललेली’ म्हणावे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि यादीत खोटे बदल शिरले, की खरा बदल तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

वॉल्टर टिची यांच्या आरसीएस (१९८२) या साधनात फाइल जमा करताना ती मागील आवृत्तीशी ताडली जाते आणि फरक नसल्यास मागील आवृत्तीच कायम राहते. परफोर्समध्ये मात्र संपादनासाठी उघडलेली फाइल, तीत काही न बदलताही, उघडलेल्या फायलींच्या यादीत राहते.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटमध्ये प्रत्येक फाइलीची कालनोंद, आकारमान इ. माहिती व मजकुरावरून काढलेला हॅश एका सूचीत ठेवतात. दर वेळी सर्व फायली वाचणे वेळखाऊ असल्याने प्रथम या नोंदी ताडल्या जातात. त्या जुळल्यास फाइल सामान्यतः उघडली जात नाही. केवळ कालनोंद वेगळी आढळल्यास ‘स्टेटस’ ही आज्ञा मजकूर वाचून हॅश पडताळते आणि तो तोच निघाल्यास सूचीतील नोंद सुधारून त्या फाइलीचा उल्लेखही करीत नाही. ‘डिफ-फाइल्स’ ही आज्ञा मात्र कालनोंदीवरच विसंबते व नुसती स्पर्श झालेली फाइलही बदललेली म्हणून दाखविते. स्वयंचलित तपासणीत ती वापरण्यापूर्वी ‘अपडेट-इंडेक्स’ आज्ञेने सूची ताजी न केल्यास निर्दोष प्रत अकारण नाकारली जाते. उलट, सूची लिहिली गेली त्याच क्षणी फाइल बदलली व आकारमान तेच राहिले, तर नोंदी जुळूनही मजकूर वेगळा असू शकतो; म्हणून सूचीइतकीच ताजी कालनोंद असलेली फाइल गिट संशयास्पद मानून वाचून पाहते.

हॅश बाइटांचा असतो, अक्षरांचा नव्हे. मराठी मजकुरात याचा प्रत्यय येतो. बुलढाणा जिल्हा ज्या प्रदेशात मोडतो, त्या ‘वऱ्हाड’ या नावातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्तचिन्ह जोडून, अथवा ‘र’, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. यूटीएफ-८ संकेतनात पहिल्यास ६, तर दुसऱ्यास ९ बाइट लागतात. जिल्ह्याच्या माहितीच्या फाइलीत एका रीतीऐवजी दुसरी आल्यास वाचकाला पडद्यावर तोच शब्द दिसतो; गिट मात्र ती ओळ बदललेली म्हणून दाखविते.