हातगाडीवाल्या दोघांचे चित्र

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे वारली घरात लग्न निघाले म्हणजे सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यातील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. त्यास नाक-डोळे नसतात. तो अमुक एक गडी नव्हे, कोणीही माणूस होय. व्यक्तिचित्राची रीत याच्या अगदी उलट. तेथे हाच तो, दुसरा कोणी नव्हे, असे पाहणारास पटावे लागते.

दोघांचे एकत्र व्यक्तिचित्र काढण्याची चाल युरोपात फार जुनी. व्हान आयकने १४३४ साली एक धनाढ्य व्यापारी व त्याची पत्नी रंगविली. सुमारे १७५० साली गेन्सबरोने अँड्र्यूज दांपत्य त्यांच्याच शेताच्या कडेला रंगविले. पदरी पैसा असेल त्याचाच चेहरा कापडावर उतरावा, असा तो रिवाज दिसतो.

विसाव्या शतकात पुष्कळ चित्रकारांनी चेहराच सोडला. नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे रूळ व सुरी यांनी रंगांचे थर चढवीत. त्यांच्या चित्रांत ना माणूस, ना झाड, केवळ रंग आणि प्रकाश. अशा कलेस अमूर्त म्हणतात. तिला कोणी पोरखेळ समजू नये. गायतोंड्यांचे एकेक चित्र महिनोन्‌महिन्यांच्या चिंतनाचे फळ आहे. तथापि त्या वाटेने रस्त्यावरचा माणूस चित्राबाहेर राहिला, हेही खरेच.

त्याच काळात, १९७९ साली, गीव्ह पटेल यांनी मुंबईत 'हातगाडीसह दोन माणसे' हे तैलचित्र रंगविले. पटेल (१९४०–२०२३) सेंट झेवियर्स हायस्कुलाचे विद्यार्थी, पेशाने डॉक्टर, शिवाय कवी व नाटककार. चित्रकला ते स्वतःच शिकले. मुंबई सेंट्रल येथे त्यांचा दवाखाना असे. ज्या नजरेने वैद्य रोग्याकडे पाहतो, म्हणजे कीव न करता परंतु नीट निरखून, त्याच नजरेने त्यांनी हे दोन श्रमिक पाहिले असावेत, असे आम्हांस वाटते. काम क्षणभर थांबवून दोघे गाडीपाशी उभे आहेत. पाठीमागे शहर आहे. ओझ्याखाली वाकलेला मजूर दाखवून आपल्या डोळ्यांत पाणी आणावे, असा चित्रकाराचा हेतू दिसत नाही. व्यापारी आणि त्याची पत्नी ज्या मानाने चित्रात उभी राहिली, त्याच मानाने हे दोघे उभे आहेत.

दिवाळी सरली की आमच्या भागातील कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर अथवा बांधकामावर निघून जातात. ज्यांचे आईबाप असे जातात, त्या मुलांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आम्ही त्याची प्रतिकृती वर्गात दाखविली तेव्हा कोणी रंगांविषयी बोलले नाही. एका मुलाने एवढेच विचारले, "गुरुजी, यांची नावे काय?"

मूळ चित्र आज अमेरिकेत, सेलम गावच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आहे. त्याच्या शीर्षकात नावे दिलेली नाहीत.