माळ्यावरच्या रेकॉर्डी मोडीत घालण्याआधी

या पानावर आपण एरवी लागण, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांवर बोलतो. आज जरा वेगळा विषय काढतो आहे. तुमच्या घराच्या माळ्यावर, कणगीमागे किंवा जुन्या ट्रंकेत काळ्या तबकड्यांची एखादी चवड पडलेली असेल. आजोबांच्या किंवा एखाद्या हौशी चुलत्याच्या वेळची. पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला की ती त्याच्या काट्यावर जाणार, हे जवळजवळ ठरलेले. ती जाण्याआधी एवढे वाचा.

मलाही या तबकड्यांतले काही कळत नव्हते. कळले ते महापुरात.

ऑगस्ट २०१९. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पाणी उतरल्यावर तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि मी असे तिघे पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात पंचनाम्याला गेलो. ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली राहिलेला. शेंड्यात गाळ बसून पोंगा कुजलेला. घराघरांतून ओल्या गाद्या आणि सडलेले धान्य रस्त्यावर आलेले. अशात एका ओट्यावर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ घमेल्यात काहीतरी धूत बसले होते. लांबून वाटले, ताटल्या घासत आहेत. जवळ गेलो तर रेकॉर्डी. धुतलेल्या भिंतीला टेकून उभ्या, न धुतलेल्या चिखलासकट पोत्यावर. सगळ्या मिळून तीनशेच्या वर.

गाव त्यांना आप्पा म्हणते, आपणही तसेच म्हणू. भाऊसाहेबांनी उसाचे क्षेत्र विचारले. आप्पा म्हणाले, "उसाचं ल्ह्या तुमाला काय ल्ह्यायचं त्ये. वाळल्यावर तोडू न् परत लावू. पर आदी जरा ह्येला हात लावा. माझी कंबर धरलीया."

पंचनाम्याच्या कागदावर पिकाला, जनावराला, पडक्या भिंतीला, कपड्या-भांड्यांना जागा असते. रेकॉर्डीला नसते, आणि असावी असा आग्रहही मी धरत नाही. पण त्या दिवशी दुपारचा डबा आम्ही तिघांनी आप्पांच्या ओट्यावरच खाल्ला आणि पन्नासेक तबकड्या धुऊन दिल्या.

आप्पांचा धंदा लाऊडस्पीकरचा. म्हणजे आधी त्यांच्या वडिलांचा, मग त्यांचा. वडिलांकडे चावीचा फोनो होता. पुढे बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर आणि पितळी कर्णा आला. या कर्ण्यालाही आपल्याकडे पोंगाच म्हणतात. उसाचा पोंगा कुजलेला बघून आलो आणि आप्पांच्या सोप्यात दुसरा पोंगा चिखलाने भरलेला बघितला.

लग्न ठरले की आधी आचारी, मग वाजंत्री आणि मग लगोलग स्पीकरवाला सांगायचा, अशी रीत. बैलगाडीत पेटी घालून आप्पा आदल्या दिवशी पोचायचे. चिंचेच्या किंवा लिंबाच्या उंच फांदीवर कर्णा बांधायचा. पहाटे भूपाळी. हळदीला ओव्यांच्या चालीची गाणी. वऱ्हाड वेशीत आले की सनई. जेवणाच्या पंगतीला नाट्यगीत, कारण पाहुण्यांतले जाणते तेव्हा जागेवर सापडतात. आणि म्हातारी माणसे आडवी झाली की लावणी. उसाच्या तुऱ्यावरची सुलोचना चव्हाणांची लावणी ही १९६५ च्या 'मल्हारी मार्तंड' चित्रपटातली, लिहिलेली ग. दि. माडगूळकरांनी. ती लागली की मंडपामागून "परत लाव" अशी आरोळी ठरलेली, असे आप्पा सांगतात. माडगूळकर आपल्या आटपाडी तालुक्यातले, शेटफळ्याला जन्मलेले. उसाचा फड त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग कॅसेटी आल्या. १९८० नंतर स्पीकरवाल्यांनी पेट्याच्या पेट्या काढून टाकल्या. आप्पांनी उलटे केले. इस्लामपूर, विटा, कराड, मिरज इथल्या बाजारांत सायकलवर जाऊन लोकांनी टाकलेल्या रेकॉर्डी ते घेऊ लागले. बायको म्हणायची, जगाची अडगळ आपल्या घरात. त्यांनी नुसत्या रेकॉर्डी जमवल्या नाहीत. सुयांच्या पत्र्याच्या डब्या, कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेली पाकिटे, दुकानदारांचे नाव छापलेली कागदी कव्हरे, आणि एक वही. कुठल्या गावच्या लग्नात कुठले गाणे किती वेळा मागितले, ते त्या वहीत तारखेवार लिहिलेले होते. जवळजवळ तीस वर्षांचे. नदीकाठच्या वीस-पंचवीस गावांची आवड त्या वहीत होती. पुरात बाकी बरेच वाचले. वही गेली. कागदाचा लगदा मी स्वतः पाहिला.

रेकॉर्डी का वाचल्या? इथे आपला शेतीचा विषय येतो. जुनी अठ्ठ्याहत्तरची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, प्लास्टिकची नसते, लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतो. ते खरवडून, वितळवून, गाळून लाख होते. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून गरम साच्यात दाबले की तबकडी तयार. आपल्या देशातली लाख जगभरच्या रेकॉर्डींना लागत होती. म्हणजे साहेबाच्या देशात वाजणारी रेकॉर्डसुद्धा आपल्या रानातल्या झाडावर पिकलेली असायची. लाख पाण्यात विरघळत नाही. म्हणून गाणे वाचले, कागदाची लेबले मात्र निघून गेली.

हिंदुस्थानात व्यापारी तत्त्वावर ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्याला. गौहरजान तेव्हा गायल्या. सुरुवातीच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिराला कुणाचे गाणे ते कळावे म्हणून गाणे संपता संपता गाणारा आपले नाव मोठ्याने सांगे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा ही पायपीट थांबली. एका बाजूला साधारण तीन मिनिटे. तासभर आळवायचा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे घागरीतले पाणी तांब्यात ओतण्यातला प्रकार. पण आपल्या लोकांनी तो जमवला.

आपले लोक म्हणजे अगदी शेजारपाजारचे. पलूस तालुक्यातलेच नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. ते १९६७ साली गेले. ऐन उमेदीतले त्यांचे नाटक बघितलेला माणूस आता शोधून सापडायचा नाही, साक्ष उरली ती तबकडीची. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. १९३७ साली प्रवासात मद्रासजवळ त्यांचा अंत झाला, तरी त्यांना आणले मिरजेलाच, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते विसावले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या, त्यांच्याही रेकॉर्डी घराघरांत होत्या. (मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तुम्ही वाचले असेल. त्याचे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडचे शेतकरी पिकवतात. तो एक लेखाचा विषय आहे, पुन्हा कधीतरी.) दीनानाथ मंगेशकरांचे बिऱ्हाड सांगलीत होते. वर सातारकडे सरकलात तर वाईजवळ पसरणीचे शाहीर साबळे. २०२३ साली राज्यगीत झालेले महाराष्ट्रगीत लोकांच्या तोंडी बसले ते त्यांच्या आवाजात.

ही झाली मोठी नावे. त्यांच्या तबकड्या मुंबई-पुण्यात कुणी ना कुणी सांभाळल्या आहेत. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्थाच निघाली, 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या मंडळींनी तिचे अंक काढून नोंदींचे मोठे काम केले. माझी काळजी आहे ती लहान नावांची. तमाशाच्या फडातले गाणारे, भेदिक म्हणणारे शाहीर, भजनी बुवा, कीर्तनकार यांच्यापैकी कितीतरी जणांच्या एक-दोनच तबकड्या निघाल्या. त्या घेतल्या त्यांच्याच गावच्या लोकांनी. आज त्या असल्या तर तुमच्याच माळ्यावर आहेत. त्या किलोवर गेल्या की तो आवाज कायमचा गेला.

तेव्हा काही कामाच्या गोष्टी. आप्पांकडून शिकलो आणि ओट्यावर करून बघितल्या, म्हणून खात्रीने सांगतो.

आधी ओळख. हातात जड, कडेला टिचकी मारली तर खापरीसारखी वाजणारी, पडली की फुटणारी ती लाखेची. हलकी आणि थोडी वाकणारी ती प्लास्टिकची, म्हणजे नंतरची एलपी किंवा छोटी ईपी. चावीच्या जुन्या फोनोवर प्लास्टिकची तबकडी कधीही लावू नका. त्याची जड सुई खाचा नांगरून टाकते. उलट एलपीच्या बारीक सुईवर लाखेची रेकॉर्डही लावू नये. तिला जाड सुई लागते.

लाखेची रेकॉर्ड धुवायची तर साधे गार पाणी, अगदी थेंबभर सौम्य साबण आणि मऊ सुती फडके. गोल खाचांच्या दिशेनेच पुसायचे. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचे नाही. वाळवायची सावलीत, उभी. उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत पापडासारखी वाकडी होते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, स्पिरीट लावू नका. लाख पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरीटमध्ये विरघळते; सुतार पॉलिश करतो ते याच गुणावर. आप्पांच्या नातवाने चांगल्या हेतूने दवाखान्यातले स्पिरीट आणले होते. पहिल्याच रेकॉर्डीची चकाकी बोळ्याला लागून आली तेव्हा आप्पांनी त्याचा हात धरला.

ठेवताना एकावर एक चवड रचू नये. खालच्या फुटतात. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, ती जागा नको. वाळवी आणि उंदीर रेकॉर्डीला नाही, पण कागदी कव्हराला खातात, आणि त्या कव्हरावरचे दुकानाचे नाव, मालकाची सही, तारीख हेही जपायचे आहे. नदीकाठच्या मंडळींना वेगळे सांगायला नको: २०१९ नंतर २०२१ च्या जुलैत पाणी परत आलेच. पेटी पुराच्या खुणेच्या वर असू द्या.

लेबल गेले म्हणून रेकॉर्ड टाकू नका. लेबलाशेजारी तबकडीतच नंबर दाबलेला असतो. तो उतरवून घेतला तर जाणकार माणूस पुष्कळदा गाणे सांगू शकतो. गावच्या वाचनालयात एक वही घालून कुणाकडे काय आहे एवढे लिहिले तरी पुरे. रेकॉर्डी ज्याच्या त्याच्या घरीच राहू देत. ग्रामसेवक मंडळींनी मनावर घेतले तर एका रविवारचे काम आहे.

पाणी उतरल्यावर महिनाभराने मी पुन्हा आप्पांकडे गेलो. खोडव्याचे काय करायचे ते विचारायला त्यांनी बोलावले होते, निदान निरोप तसा होता. गेलो तर सोप्यात फोनो मांडलेला. लेबल गेलेल्यांपैकी एक तबकडी त्यांनी नंबरावरून नव्हे, कानाने ओळखली होती. भेदिकाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव येते, ते तर होतेच. पण गाणाऱ्याचा आवाज त्यांच्या लहानपणचा ओळखीचा, नदीपलीकडच्या गावचा. त्याच्या नातवाला त्यांनी सांगावा धाडला होता. नातू म्हणजे साठीचा माणूस, दोन एकर उसाचा शेतकरी, ज्याचा पंचनामा मीच केला होता. आजा त्याने पाहिलेला नव्हता. घरात फोटोही नव्हता.

तबकडीला कडेपासून आतपर्यंत बारीक तडा होता. सुई प्रत्येक फेऱ्याला त्यावरून उडी घ्यायची, टक, टक, मिनिटाला ७८ वेळा. त्या ठोक्यामागून डफ आणि तुणतुणे, आणि उंच, जरा फाटका आवाज. तो माणूस टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला. गाणे संपले, तबकडी नुसतीच फिरत राहिली.

"आप्पा," तो म्हणाला, "आमचा धाकटाबी असाच वरडतो बगा रानात. परत एकदा लावा की."

आप्पांनी सुयांची डबी उघडली. पुरात गंजलेल्या सुया बाजूला सारून त्यातल्या त्यात बरी एक निवडली. "एका बाजूला एक सुई," ते मला म्हणाले, "ही पण ल्हून ठेवा तुमच्या कागदात."