ताप चढतो तेव्हा

पावसाळ्यात जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही दवाखान्यात जा, तापाचे रुग्ण बाकावर ओळीने बसलेले असतात आणि मागणी एकच : "डॉक्टर, सुई मारा." ताप डेंग्यू वा फ्ल्यूचा, म्हणजे विषाणूचा असेल, तर प्रतिजैविकाची सुई वायाच जाते.

नव्या विषाणूविरुद्ध नेमकी प्रतिद्रव्ये तयार व्हायला शरीराला पाच-सात दिवस लागतात. तोवर किल्ला लढवणाऱ्यांत 'मेट' नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. यकृतात तर त्या मुबलक. गंमत अशी, की त्यांना थेट ओळखू येतात ते जीवाणू. पुष्कळ जीवाणू ब-२ जीवनसत्त्व बनवतात, त्यातले अर्धवट घटक या पेशी हेरतात. विषाणू असले काही बनवतच नाही. मग तो सापडतो कसा?

आपल्या उसाच्या शिवारात बिबट्या दिसत नाही, पण कुत्री भुंकली की गडी काठी घेऊन उठतो. तसेच हे. विषाणूची चाहूल लागलेल्या इतर पेशी इंटरल्युकिन-१८ सारखी रसायने सोडतात. ती हाक ऐकून मेट पेशी इंटरफेरॉन सोडतात व विषाणूची वाढ रोखू पाहतात. डेंग्यू, फ्ल्यू, हेपॅटायटिस-सी यांत असे घडते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

ताप हा अशा रसायनांचाच परिणाम. त्यावर डॉक्टरांनी सांगितल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरे. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, ब्रुफेन नको. रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून लगेच शेतावर धावू नका. डेंग्यूचा खरा धोका तेव्हाच असतो. पोटात फार दुखले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा.