जुनी रेसिंग सायकल : पैसा आधी कुठं घालायचा?

लातूरला क्लाससाठी आलेली पोरं वर्ष-दोन वर्षांनी गाव सोडतात, तेव्हा सायकली विकून जातात. नांदेडलाही तेच. त्यातली एखादी पातळ टायरची, वाकड्या हँडलची गिअरवाली सायकल आपल्या वस्तीत येते. कुणी तिच्यावर कामाला जातं, कुणी भरतीच्या तयारीसाठी दम वाढवायला घेतं. महिन्याभरात आमच्याकडे दोन तक्रारी येतात : गुडघा दुखतो आणि बोटं बधिर होतात. सोबत एक प्रश्नही हमखास येतो, "ताई, हिच्यात काय बदललं की ही पळेल?"

आमचं उत्तर ठरलेलं आहे. आधी पाना हातात घ्या, पाकीट नंतर.

सायकल घेण्याआधीच फ्रेम नीट बघा. हँडलखालचा आणि पायडलजवळचा सांधा तपासा. रंगाखाली तडा दिसला किंवा नंतर वेल्डिंग केलेलं दिसलं, तर ती फुकट मिळाली तरी नको.

मग सीट. हा बिनपैशाचा इलाज आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, एक पायडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चवड्यानं पायडल मारताना तो मग आपोआप थोडा वाकलेला राहतो. बहुतेकांची सीट फार खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. अशा सीटवर गुडघा दर फेऱ्याला जास्त दुमडतो, वाटीवर दाब येतो आणि समोरून दुखायला लागतं. उलट सीट फार वर असली तर कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि गुडघा मागून दुखतो. सीटच्या नळीवर एक रेघ असते. ती बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढू नका. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळणाऱ्या साध्या सायकलीलाही हाच हिशेब लागू. आठवीत बसवलेली सीट दहावीतही तिथंच असते, पोरगी मात्र वाढलेली असते!

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या त्या बाजूनं जाणारी नस दबते आहे. वाकड्या हँडलवर झुकून सगळा भार हातावर घेतला की असं होतं. हँडलची दांडी वर उचलता येत असेल तर उचला. तिलाही रेघ असते. कोपर सैल ठेवा, थोड्या थोड्या वेळानं पकड बदला. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर माणूस पुढं घसरतो आणि भार पुन्हा हातावरच येतो, म्हणून सीट सपाट करा. आठवडाभर सायकल बंद ठेवूनही बधिरपणा गेला नाही किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

आता पैसा. पहिला ब्रेकला. रबर गुळगुळीत किंवा कडक झाले असतील तर बदला. वायर गंजली असेल तर तीही बदला. ब्रेक पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. लोखंडी रिमला पावसात ब्रेक उशिरा लागतो, ॲल्युमिनियमच्या रिमला त्या मानानं बरा लागतो.

दुसरा टायरला. पातळ टायरची हवा काही दिवसांतच उतरते. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब चेंगरते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्यानं अशी जोडी दाखवली तर काट्याला दोष देऊ नका. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, त्याच्या पुढं जायचं नाही. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी हवा भरा, कारण जास्त वजन मागं असतं. टायर बदलायचाच असेल तर ७०० बाय २३ च्या जागी ७०० बाय २८ घ्या. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तेवढी जागा आहे का ते मात्र मिस्त्रीकडून बघून घ्या. रुंद टायर कमी हवेत चालतो, हिसका मनगटाला आणि कमरेला कमी बसतो. रुंद टायर म्हणजे सायकल हळू, असं पोरांना वाटतं. आपल्या रस्त्यांवर तसं काही होत नाही.

चैन मोजायला मेजर टेप पुरतो. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. अर्धा सूत जास्त भरली तर चैन बदला. एक सूत होईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातही खाल्ले जातात आणि खर्च वाढतो. चैनीला घरातलं गोडंतेल लावू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. मशीनचं तेल लावा आणि वरचं पुसून घ्या.

महागडे गिअर, हलकी चाकं, कार्बनचे भाग यांच्या नादी लागू नका. गिअरमध्ये एकच बदल आम्ही सुचवू. नांदेड गोदावरीकाठी आहे, पण लातूर बालाघाटच्या पठारावर. तिकडं चढावर गुडघ्यावर जोर येत असेल तर मागं मोठ्या दातांचं फ्रीव्हील घ्या. २८ दातांच्या जागी ३४ दातांचं बसलं तर चढ हलका होतो. मागचा गिअर तेवढ्या दातांपर्यंत चालतो का, हे आधी विचारा.

त्याही आधी मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा आणि हेल्मेट यांचे पैसे बाजूला काढा. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधून जायचं असतं, तिथं दिसणं महत्त्वाचं. सायकल जुनी चालेल, पण हेल्मेट दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नका. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतून निकामी झालेलं असू शकतं.

हवेचा काटा असलेला उभा पंप एका घराला महाग वाटेल. आठ-दहा घरांनी मिळून घ्या आणि विहारात ठेवा. रेसिंग सायकलच्या व्हॉल्व्हचं तोंड बहुधा बारीक असतं, साध्या सायकलीचं वेगळं. पंप दोन्हींना बसतो का, ते दुकानातच लावून बघा.