प्राणवायू, सान्सो आणि यांग्ची

सन २०२१च्या उन्हाळ्यात प्राणवायूचे नाव घराघरांत रोज निघत होते. आपल्या भैरवगढच्या मराठी घरांत वडीलधारी मंडळी ‘प्राणवायू’ म्हणतात, तर शाळेत जाणारी नातवंडे ‘ऑक्सिजन’. वायू एकच, पण प्रत्येक नावामागचा विचार निराळा आहे.

‘ऑक्सिजन’ हे नाव अठराव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने ग्रीक शब्दांवरून घडवले. अर्थ : आम्ल उपजवणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची खात्री होती. पुढे १८१०च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवले. आम्ही होमिओपॅथीवाले ‘म्युरिएटिक ॲसिड’ या नावाने औषध देतो, ते याच आम्लाचे. सिद्धांत गेला, नाव मात्र राहिले.

त्या काळी जपानात पाश्चात्त्य विद्या डच ग्रंथांतून येई. डच भाषेत या वायूला ‘आंबट द्रव्य’ अशा अर्थाचे नाव आहे. उदागावा योआन या विद्वानाने १८३७पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘सेइमी काइसो’ या ग्रंथात त्याचे शब्दशः भाषांतर केले : ‘सान्सो’. ‘सान’ म्हणजे आम्ल, ‘सो’ म्हणजे मूलतत्त्व. कोरियातही आज ‘सान्सो’च म्हणतात. भाषांतराबरोबर चूकही समुद्र ओलांडून गेली.

चीनमध्ये बेंजामिन हॉब्सन या इंग्रज डॉक्टराच्या १८५५च्या ग्रंथात ‘यांग्ची’ हे नाव आहे, म्हणजे पोषण करणारा वायू. आपल्या ‘प्राणवायू’चे हे सख्खे भावंडच! पुढे त्यासाठी एकच अक्षर ठरले. त्यात वायूचे चिन्ह आहे आणि उच्चारापुरते मेंढीचे ‘यांग’. पोषणाचा अर्थ लिपीतून पुसला गेला.

आपला शब्द वैद्यकातून उचललेला आहे. आयुर्वेदात प्राण, अपान, व्यान, उदान, समान असे पाच वायू आहेत. जैन दर्शनात दहा प्राण मानतात, त्यांत श्वासोच्छ्वास एक. हे प्राण म्हणजे सिलिंडरमध्ये भरता येणारा वायू नव्हे. म्हणून जुन्या ग्रंथात ‘प्राणवायू’ दिसला की आपल्या पूर्वजांना ऑक्सिजन ठाऊक होता, असे म्हणणे योग्य नाही.

तरीही हा शब्द जपावा. तो आम्लाविषयी काहीच सांगत नाही, त्यामुळे डेव्हीच्या शोधाने खोटा ठरला नाही. नातवंडांना दोन्ही शब्द सांगावेत, आणि त्यांच्या कथाही.